इयत्ता दुसरी, पट ४१ : चार मुलांसाठी चार टाचणं काढू नका

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ज्यांनी तो वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. भांडुपला दुसरीचा वर्ग, पटावर ४१ मुलं, शिकवायला लागून तिसरं वर्ष. एक मुलगा जागेवर बसतच नाही. दुसऱ्याला सगळ्या कविता तोंडपाठ, पण पुस्तक उघडलं की गप्प. तिसऱ्याला श्रवणयंत्र आहे, तरी ‘लक्ष नसतं’. चौथी मुलगी जूनपासून वर्गात एक शब्द बोललेली नाही, घरी भोजपुरी बोलतात. प्रत्येकासाठी वेगळं टाचण, म्हणजे पाठाची लेखी आखणी, काढायचं तर उरलेल्या ३७ जणांना शिकवू कधी, आणि यातल्या कुणाला विशेष शाळेत पाठवायला सांगावं का, असं तुम्ही विचारलंय.

मी सव्वीस वर्षं या कामात आहे. पहिली अकरा वर्षं मुंबईतल्या मराठी शाळांत पहिली-दुसरीच्या वर्गावर होते, त्यानंतर विशेष शिक्षिका म्हणून शाळाशाळांतून फिरते. तुम्हाला वाटतंय अडचण चार मुलांची आहे. तुमचं वर्णन वाचताना मला मात्र दिवसातल्या तीन वेळा दिसल्या, जिथे हे चौघं सुटतात आणि त्यांच्याबरोबर आणखी आठ-दहा जण गुपचूप सुटतात. फळ्यावरून उतरवून घेण्याची वेळ, एकेकाने उभं राहून वाचण्याची वेळ, आणि तोंडी सूचना देऊन आपण ‘करा आता’ म्हणतो ती वेळ. या तीन वेळा बदलल्या की टाचण एकच राहतं.

एक आधीच सांगते. मी तुमची मुलं पाहिलेली नाहीत. शाळा सकाळची की दुपारची, खोलीत बाक हलवता येतात की जमिनीला ठोकलेले आहेत, मुख्याध्यापक पाठीशी आहेत का, आठवड्यातून एकदा तरी विशेष शिक्षक येतात का, यावर पुष्कळ अवलंबून आहे. म्हणून खाली लिहिलंय त्यातलं जे तुमच्या खोलीत बसेल तेवढंच घ्या.

पहिल्या आठवड्यात काहीच बदलू नका, फक्त नोंद करा. हजेरीपटाजवळ एक छोटी वही ठेवा, प्रत्येकी एक पान. मूल अडलं की तीन गोष्टी लिहायच्या: किती वाजले होते, वर्ग काय करत होता, त्याआधी मी काय म्हणाले. ‘दंगा करतो’, ‘आळशी’, ‘लक्ष नाही’ हे शब्द त्या वहीत यायला नकोत, कारण त्यावरून उद्या काय करायचं ते कळत नाही.

कुर्ल्याच्या एका शाळेत असाच न बसणारा मुलगा होता. ‘हा दिवसभर उठतो’ अशी तक्रार होती. पाच दिवस नोंद केली तेव्हा तो २३ वेळा उठल्याचं दिसलं आणि त्यातल्या १९ वेळा वर्ग फळ्यावरचं उतरवून घेत होता. गोष्ट चालू असताना तो एकदाही उठला नव्हता. डोळे तपासून झाले होते, ठीक होते. मग मी त्याच्याशेजारी बाकावर बसले. तो फळ्याकडे बघायचा, एक अक्षर मनात धरायचा, मान खाली घालून ते वहीत काढायचा, आणि पुन्हा मान वर केली की आपण कुठे होतो तेच हरवलेलं असायचं. पाच शब्दांच्या ओळीसाठी मान वीसेक वेळा वर-खाली. तिसऱ्या ओळीला तो पेन्सिलीला टोक करायला उठला. मी तोच मजकूर कागदावर लिहून त्याच्या वहीच्या डाव्या बाजूला ठेवला आणि चालू ओळीखाली पट्टी धरायला शिकवलं. त्या दिवशी त्याने चार ओळी पुऱ्या केल्या आणि एकदाच उठला, वही दाखवायला.

तेव्हापासून मी सांगते की असे आठ-दहा कागद लिहून खिडकीत ठेवा, ज्याला हवा त्याने घ्यावा. एकालाच दिला तर तो ‘त्याचा’ कागद होतो आणि दुसऱ्या दिवशी तो घेत नाही. सगळ्यांसाठी ठेवला की कोण उचलतं ते बघा. ज्यांच्याबद्दल तुमची काहीच तक्रार नव्हती अशी दोन-तीन मुलं त्यात निघतील.

काही मुलांच्या अंगातच हालचाल असते, हेही खरं. त्यांना ती द्यावी लागते. वह्या वाटणं, फळा पुसणं, शेजारच्या वर्गात निरोप नेणं ही कामं त्यांची. शेवटच्या बाकामागे उभं राहून लिहायची परवानगी द्या. दर पंधरा-वीस मिनिटांनी अख्ख्या वर्गाला उभं करून एक कडवं हातवाऱ्यांसह म्हणून घ्या. आणि कृपा करून शिक्षा म्हणून अशा मुलाची मधली सुट्टी कापू नका. त्या धावण्यावरच त्याचे पुढचे दोन तास चालणार असतात.

आता उभं राहून वाचण्याबद्दल. इथे माझी स्वतःची चूक सांगते. पहिली काही वर्षं मी रोज ओळीने एकेकाला एक वाक्य वाचायला लावायची. एक मुलगी बऱ्याचदा तिची पाळी जवळ आली की ‘बाई, शूला जाऊ?’ विचारायची. न जाता वाचलं तर मात्र छान वाचायची, म्हणून मी निर्धास्त होते. डिसेंबरात एकदा मी मधल्याच एका मुलाला दोन वाक्यं वाचायला दिली. तिची पाळी आली आणि शेजारणीने नुकतंच वाचलेलं वाक्य तिने पुस्तकावर बोट फिरवत पुन्हा घडाघडा म्हटलं. वर्ग हसला. तिचा चेहरा मला अजून दिसतो. ती पुढची डोकी मोजून आपलं वाक्य हेरायची, शेजारणीकडून ते ऐकून घ्यायची आणि पाठ करून उभी राहायची. जून ते डिसेंबर तिने हे एकटीने रेटलं होतं आणि मी तिच्या प्रगतिपुस्तकात ‘वाचन चांगले’ लिहिलं होतं.

त्यानंतर मी ती पद्धत सोडली. आधी मी वाचते, मुलं बोट फिरवतात. मग सगळे एका सुरात. मग जोडीत, एकाने एक ओळ, दुसऱ्याने पुढची. जोड्या जुळवताना एकदम पुढचा आणि एकदम मागचा असं करू नका, पुढचा कंटाळतो आणि मागचा लाजतो. थोडंसंच अंतर असलेली मुलं जोडा. एकट्याचं वाचन मी ऐकते ते माझ्या शेजारी सतरंजीवर बसवून, दोघांनाच ऐकू येईल इतक्या आवाजात.

तुमच्या कविता पाठ असलेल्या मुलाकडे या दृष्टीने बघा. पाठांतर ही त्याची ताकद आहे. त्याला पाठ असलेली कविता मोठ्या अक्षरांत लिहून द्या आणि म्हणताना एकेका शब्दावर बोट ठेवायला सांगा. बोट आणि तोंड कुठे चुकतं ते दिसेल. त्यातलेच चार शब्द कापून चिठ्ठ्या करा आणि उलटसुलट ठेवून ओळखायला लावा. अक्षरांना अंकलिपीच्या क्रमाने भिडू नका. चार-पाच अक्षरं आणि काना घेतला की ‘काका’, ‘मामा’, ‘काम’, ‘कमळ’ वाचता येतं, आणि आपण वाचलं हे मुलाला पहिल्या आठवड्यातच कळतं. भ-म, घ-ध, ब-व या जोड्या एकाच आठवड्यात आणू नका. एक पक्कं झाल्यावर दुसरं.

वेलांटीशी थोडं थांबा. ‘दि’ लिहिताना पहिली वेलांटी अक्षराच्या आधी येते आणि उच्चारात नंतर. आपल्याला ते जाणवतही नाही, पण डावीकडून उजवीकडे एकेक खूण सोडवत जाणारं मूल तिथे अडकतं. घाटकोपरला एक मुलगा ‘विमान’ वाचताना वेलांटीवर बोट ठेवून थांबायचा, ओठ हलवायचा आणि ‘वमान’ म्हणून पुढे जायचा. मी एका पुठ्ठ्यावर ‘व’ लिहिला, दुसऱ्यावर लाल रंगात वेलांटी. आधी ‘व’ ठेवला, त्याने वाचला. मग लाल पुठ्ठा आणून त्याच्या डावीकडे सरकवला आणि ‘वि’ म्हटलं. पाच-सहा वेळा केल्यावर तो म्हणाला, “म्हणजे ही मागची आहे, पुढे येऊन उभी राहिलीय.” त्यानंतर त्याने ‘किती’, ‘दिवस’, ‘चिमणी’ अडखळत का होईना, वाचले. लाल खडू खिशात ठेवा, फळ्यावर पहिली वेलांटी महिनाभर लालच काढा.

आकड्यांतही असंच आहे. ‘तेवीस’ ऐकून ३२ लिहिणाऱ्या मुलावर लगेच शंका घेऊ नका. मराठीत ‘तेवीस’मधला तीन आधी ऐकू येतो आणि लिहायचा असतो नंतर. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस तीन’ अशी पर्यायी पद्धत आली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी त्यामागचं कारण शांतपणे समजावून सांगितलं होतं. माझ्या अनुभवात ही पद्धत अडलेल्या मुलाला फार उपयोगी पडते. काड्यांचे दोन गठ्ठे आणि तीन सुट्या काड्या हातात द्या, ‘वीस तीन, तेवीस’ असं जोडून म्हणून घ्या. पुढे ‘तेवीस’ एकटं राहतं. एकोणतीस, एकोणचाळीस यांना जास्त दिवस द्या, तिथे मोठ्यांचीही जीभ अडते.

हा कविता पाठ असलेला मुलगा डिस्लेक्सिक, म्हणजे वाचणं-लिहिणं मुळातच अवघड जाणारा, आहे का, असं तुमच्या मनात आहे. असेलही. पण अध्ययन अक्षमतेचं (डिस्लेक्सिया हा तिचाच एक प्रकार) प्रमाणपत्र साधारण आठ वर्षं पूर्ण झाल्यावरच मिळतं, आणि दुसरीतलं मूल सात वर्षांचं असतं. आत्ता त्याला नाव देण्याची घाई नको, वर लिहिलेलं काम सुरू करा. तिसरीत तरीही अडलं तर शीव रुग्णालयात तपासणी होते, तिथे तुमची नोंदवही बरोबर द्या. डॉक्टरांना ती फार उपयोगी पडते. डोळे आणि कान यांच्या तपासणीला मात्र एक आठवडाही थांबू नका, चौघांच्याही. कान वाहणं पालकांना किरकोळ वाटतं आणि मूल महिनोन्महिने अर्धंच ऐकत राहतं.

श्रवणयंत्र असलेल्या मुलाबद्दल मला सर्वांत जास्त लिहावंसं वाटतं, कारण त्याच्या बाबतीत गैरसमज सर्वांत जास्त असतात. चष्मा लावला की स्पष्ट दिसतं, तसं यंत्र लावलं की स्पष्ट ऐकू येतं असं आपण धरून चालतो. यंत्र सगळंच मोठं करतं: पंख्याची घरघर, बाक सरकणं, बाहेरून जाणारी लोकल आणि तुमचा आवाज. तुम्ही चार-पाच फुटांवर असाल तरच तुमचा आवाज बाकीच्यांच्या वर राहतो. त्याला पहिल्या-दुसऱ्या रांगेत, भिंतीच्या बाजूला बसवा, चांगला कान वर्गाकडे येईल असा. म्हणजे जरा वळलं की बोलणाऱ्या मुलाचा चेहरा त्याला दिसेल. फळ्याकडे तोंड करून बोलू नका. आधी लिहा, मग वळा, मग बोला. दुसऱ्या मुलाने उत्तर दिलं की ते तुम्ही पुन्हा म्हणा.

आणि रोज सकाळी यंत्र चालू आहे का ते बघा. हातात कागद धरून स्वतःचं तोंड झाका आणि ‘आ, ई, ऊ, म्, श्, स्’ हे सहा आवाज एकेक करून काढा, ऐकू आला की त्याने हात वर करायचा. अर्धं मिनिट लागतं. ‘स्’ आणि ‘श्’ला हात वर येत नसेल तर त्याच्या कानात भाषेचा मोठा भाग पोचतच नाहीये. बॅटरीची जादा जोडी तुमच्या कपाटात ठेवायला आईला सांगा. मुंबईच्या पावसाळ्यात घाम आणि ओल यंत्रात शिरते, म्हणून रात्री ते काढून सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डबीत ठेवायला सांगा. दर जुलैत ‘अचानक लक्ष देईनासा झाला’ अशी तक्रार माझ्याकडे येते आणि बऱ्याचदा यंत्रात ओल गेलेली असते. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग यांच्या नावाची वाक् व श्रवण दिव्यांगजनांसाठीची राष्ट्रीय संस्था आहे. वर्षभरात तपासणी झाली नसेल तर पालकांना तिथे पाठवा.

न बोलणाऱ्या मुलीसाठी आईला एकच प्रश्न विचारा: घरी बोलते का? घरी तिची टकळी चालू असेल तर ती तुमची भाषा ऐकून साठवते आहे. पहिले काही महिने असं होतं. तिला ‘मराठीत सांग’ म्हणू नका, हिंदीत किंवा भोजपुरीत आलेलं उत्तर तितकंच बरोबर धरा आणि तेच मराठीत म्हणून दाखवा. दाखवून, उचलून, चित्र काढून उत्तर देता येईल असे प्रश्न विचारा. भिंतीवर एक तक्ता लावा, एकाच वस्तूचं नाव वर्गातल्या सगळ्या भाषांत, आणि तिच्या भाषेतला शब्द तिलाच विचारा. माझ्या एका वर्गात अशी मुलगी पहिला शब्द बोलली तो ‘चिरई’ होता, चिमणीच्या चित्रापाशी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला, पुढे कोसबाडला काम करताना आदिवासी मुलं बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हणून बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. भाषेच्या बाबतीत मी त्याच वाटेने जाते. घरीही ती फारशी बोलत नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, तर गोष्ट वेगळी. मग मुलांच्या डॉक्टरांकडे लवकर जायला सांगा.

तिसरी वेळ, तोंडी सूचनांची, श्रवणयंत्र असलेला मुलगा आणि न बोलणारी मुलगी या दोघांसाठी सर्वांत कठीण असते. ‘पुस्तकं आत ठेवा, वह्या काढा, तारीख घाला, कालचं पुढे लिहा’ या चार सूचना आपण एका श्वासात देतो. एका वेळी एकच द्या. फळ्याच्या कोपऱ्यात दिवसाचा क्रम चित्रांत काढा: पुस्तक, काड्या, डबा, चेंडू. झालं की त्यावर काट मारायची. पुढे कधी स्वमग्न (ऑटिझम असलेलं) मूल तुमच्या वर्गात आलं तर हाच क्रम त्याला सर्वांत मोठा आधार होईल, आणि क्रम बदलणार असेल तर ते चित्र सकाळीच बदलून त्याला दाखवायचं.

३७ जणांचं काय? तासाची पहिली दहा मिनिटं सगळ्यांबरोबर गोष्ट किंवा कविता. मग पंधरा-वीस मिनिटं चार गट: एक तुमच्याजवळ सतरंजीवर, एक जोडीवाचनाला, एक काड्या-मण्यांना, एक चित्र काढून त्याखाली शब्द लिहायला. रोज गट फिरतात, जास्त अडलेला गट तुमच्याकडे आठवड्यातून दोन-तीनदा येतो. दर दोन आठवड्यांनी गट बदला. तेच गट वर्षभर राहिले तर गुलाब-मोगरा कुठलंही नाव द्या, ‘ढ’ गट कुठला ते मुलांना कळतंच. पहिला पंधरवडा गोंगाट होईल. शेजारच्या वर्गाच्या बाईंना आधी सांगून ठेवा.

विशेष शाळेचा सल्ला तुम्ही एकट्याने देऊ नका. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार आहेत. लक्षणीय अपंगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलाला जवळची शाळा हवी की विशेष शाळा, ही निवड त्या कायद्याने त्या मुलाकडे, म्हणजे व्यवहारात त्याच्या घरच्यांकडे, दिलेली आहे. तुम्ही लिहिलंय त्यावरून चौघांपैकी एकालाही वर्गाबाहेर पाठवण्यासारखं मला काही दिसत नाही. पटाबद्दलही बोला: शिक्षण हक्क कायद्यात पहिली ते पाचवीसाठी तीस मुलांमागे एक शिक्षक आहे. ४१ मुलांबद्दल मुख्याध्यापकांना लेखी द्या, त्यात चौघांच्या गरजाही लिहा. विशेष शिक्षकांची भेट मागायलाही तोच कागद कामी येतो.

पालकांशी फाटकापाशी, इतरांसमोर बोलू नका. चार घरची कामं करून आलेली आई उभ्या उभ्या ‘तुमचा मुलगा मागे आहे’ एवढंच ऐकते आणि घरी जाऊन त्याला मारते. तिला वर्गात खुर्ची द्या, वही उघडून आधी त्याला जे जमतं ते दाखवा, मग कुठे अडतं ते. घरी करायला एकच गोष्ट सांगा, पाच मिनिटांची.

कविता पाठ असलेल्या मुलाबद्दल मला आणखी माहिती हवी आहे. सोमवारी त्याला शेजारी बसवून हे सहा शब्द वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर दाखवा: कमळ, मासा, दिवा, पूल, केळी, आंबा. चित्र दाखवायचं नाही, मदत करायची नाही, चुकलं तरी ‘बरं’ म्हणायचं. तो प्रत्येक शब्द नेमका काय वाचतो ते जसंच्या तसं लिहून पाठवा. तो नुसत्या अक्षरांवर अडतो, कान्यावर, वेलांटीवर, उकारावर, मात्रेवर की अनुस्वारावर, ते त्यावरून कळेल आणि मग त्याच्यापुरतं पुढचं लिहिते.